जुन्या घरातली बाथरूम: टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी

जुन्या फ्लॅटची बाथरूम नवी करायचं ठरलं की पहिली चक्कर टाइल्सच्या दुकानात होते. मॅट की ग्लॉसी, मोठी टाइल की छोटी, नळ कुठल्या कंपनीचे, यावर घरात आठवडाभर खल चालतो. मिस्त्री येतो, मापं घेतो, रेट सांगतो. पण त्या टाइल्सच्या खाली नेमकं काय आहे आणि तिथलं पाणी कुठून कुठे जातं, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुढची वीस वर्षं बाथरूम धड राहणार की शेजाऱ्याशी भांडणं लावणार, हे मात्र त्यावरच ठरतं.

हा लेख त्या न दिसणाऱ्या भागाबद्दल आहे. डोळ्यांसमोर ठेवायचा तो पुणे, ठाणे, डोंबिवली किंवा पार्ल्याकडचा, साधारण १९६५ ते १९९० या काळात बांधलेल्या तीन-चार मजली सोसायटीतला फ्लॅट. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा फ्लॅटमालकीचा कायदा आल्यानंतर अशा सोसायट्या शहरोशहरी उभ्या राहिल्या. त्यांतल्या सगळ्यात तरुण इमारतीनेही आता पस्तिशी गाठली आहे. वाडे आणि कोकणातली चिऱ्याची घरं यांचं शास्त्र वेगळं आहे, त्यांच्याकडे पुढे वळूच.

अशा घरातल्या कुठल्याही खोलीला हात लावताना दोनच प्रश्न विचारायचे असतात. पाणी कुठून जाणार? आणि ओझं कशावर येणार? बाथरूममध्ये पहिला प्रश्न मोठा असतो, बाकीच्या घरात दुसरा.

पायाखाली काय आहे

बहुतेक फ्लॅट्समध्ये बाथरूमचा आणि संडासचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली ओतलेला असतो. कामगारांच्या भाषेत त्याला सन्क म्हणतात. नुसती न्हाणी असेल तर हा खड्डा नऊ इंच ते एक फूट खोल असतो, उकिडवं बसायचा संडास असेल तर दीड फुटापर्यंतही जातो. कारण सरळ आहे. भांड्याखालचा ट्रॅप (वास अडवण्यासाठी थोडं पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) आणि आडवे पाइप स्लॅबच्या वरच, आपल्याच हद्दीत बसवायचे असतात. पाइप टाकले की खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरायचा, वर कोबा करायचा आणि त्यावर फरशी. पूर्वीच्या बिल्डरांनी या खड्ड्यात काय काय भरलं आहे ते फोडल्यावरच कळतं. कुठे नीट रचलेल्या विटा निघतात, कुठे राख, कुठे सरळ राडारोडा.

काही जुन्या इमारतींमध्ये सन्क नसतोच. तिथे तुमचा ट्रॅप आणि पाइप स्लॅबच्या खाली, म्हणजे खालच्यांच्या बाथरूमच्या छताला लटकलेले असतात. असं असेल तर तुमचं अर्धं काम त्यांच्या घरात होणार आहे. मिस्त्रीशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोला.

आता पाणी. टाइलमधून पाणी झिरपत नाही, ते झिरपतं टाइलांच्या सांध्यांतून. सांध्यात भरलेलं पांढरं सिमेंट काही वर्षांत झिजतं, भेगाळतं. रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी त्यातून खाली उतरतं आणि सन्कमधल्या भरावात मुरतं. खाली वॉटरप्रूफिंगचा थर शाबूत असेल तोवर ते तिथेच साचून राहतं. थराला एखादी चीर गेली, किंवा पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो तिथली फट उघडली, की खालच्या घरात डाग उमटतो. हा डाग गळतीच्या बरोबर खालीच असेल असं नाही. पाणी स्लॅबवरून उताराच्या दिशेने सरकत जातं आणि सापडेल त्या फटीतून उतरतं. म्हणून नहाणी ट्रॅपशेजारची (जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपशेजारची) फट हॉलच्या कोपऱ्यातल्या ओलीला जबाबदार असू शकते.

गळती कुठली ते ओळखायची एक साधी रीत आहे. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका, नळ बंदच ठेवा, पण त्यांच्याकडे येणारं पाणी मुख्य कॉकवर बंद करू नका. तरीही खाली थेंब पडत राहिले तर बहुधा भिंतीतला दाबाचा पाइप फुटलेला आहे. थेंब थांबले आणि आंघोळ झाल्यावर पुन्हा सुरू झाले, तर दोष जमिनीत किंवा सांडपाण्याच्या वाटेत. मग एकेका ट्रॅपमध्ये वेगवेगळ्या रंगाचं पाणी सोडून कुठला रंग खाली उतरतो ते बघतात. सन्कमध्ये आधीच पाणी साचलेलं असेल तर या चाचणीला दोन दिवस पुरत नाहीत, कारण साठलेलं पाणी बराच काळ ठिबकत राहतं.

ओल म्हणजे नुसता रंग खराब होणं नव्हे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतल्या लोखंडी गजांना गंज चढत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि हा अल्कधर्मी गुण हळूहळू संपवतो. त्यात पाणी मिळालं की गज गंजू लागतात. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्याला आत फुगायला वाव नसतो, मग तो काँक्रीटच फोडतो. आधी गजाच्या रेषेत सरळ भेग दिसते, मग तांबूस डाग, मग एक दिवस छताची खपली खाली येते आणि आत काळे-लाल गज उघडे पडलेले दिसतात. त्या काळी भारतीय मानकानुसार आरसीसीला, म्हणजे गज घातलेल्या बांधकामाला, एम १५ दर्जाचं काँक्रीट चालत असे (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत). २००० साली मानक बदललं तेव्हा किमान दर्जा एम २० झाला. म्हणजे आपल्या स्लॅबचं काँक्रीट मुळातच आजच्यापेक्षा कमकुवत असण्याची शक्यता धरूनच चालावं.

म्हणूनच काम काढायच्या आधी खालच्या घरात जाऊन तुमच्या बाथरूमखालचं छत बघा. लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा; बद्द, पोकळ आवाज आला तर तिथली खपली सुटलेली आहे. असा भाग असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सुटलेलं काँक्रीट काढून, गज घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने तो भाग भरावा लागतो. त्यावर पीओपी थापून रंग काढणं किंवा फॉल्स सीलिंग ठोकणं म्हणजे दुखणं झाकणं. त्या छताचे दोघांनी मिळून, तारखेसह फोटो काढून ठेवावेत. नंतर ‘हे तुमच्या कामामुळे झालं’ हा वाद उरत नाही.

पाइप

जुन्या फ्लॅटमधलं पाणी जीआय पाइपमधून येतं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपमधून. मुलामा आतून झिजला की गंज साठायला लागतो. तोडफोडीत निघालेला असा एक तुकडा हातात घेऊन बघण्यासारखा असतो. बाहेरून नीट अर्ध्या इंचाचा पाइप. टोकाकडून बघितलं तर आत तांबूस-काळे पुटकुळ्यांसारखे थर, आणि मधोमध जेमतेम पेन्सिल जाईल एवढं वाकडंतिकडं भोक. नळाला धार नाही म्हणून सोसायटीच्या टाकीला दोष देणाऱ्या घरांत पुष्कळदा कारण हे असतं.

हा पाइप अर्धा बदलू नका. फोडाफोड चालूच आहे तर घरात येणाऱ्या मुख्य कॉकपासून सगळा बदला. हल्ली घरातल्या गरम-थंड पाण्याला फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी पाइप वापरतात, त्याचे जोड सोल्युशन लावून चिकटवतात. भिंत बुजवण्याआधी पाइपात पाणी भरून पंपाने दाब द्यायचा आणि दाबाचा काटा काही तास हलत नाही ना ते बघायचं. टाइल्स लागल्यावर गळका जोड सापडला तर त्याची किंमत तुम्हीच करा.

दाबावरून एक गोष्ट. छतातून पावसासारखं पाणी पाडणारे मोठे शॉवर दुकानात झकास दिसतात, पण त्यांना दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी आणि शॉवर यांच्यात तीनच मीटरचा फरक असला तर मिळतो ०.३ बार. त्यात तो शॉवर ठिबकतो. तेव्हा प्रेशर पंप लावा, नाहीतर आपला साधा हातशॉवर बरा.

सांडपाण्याची कथा वेगळी. इमारतीच्या मागच्या बाजूने किंवा डक्टमधून उतरणारे काळे पाइप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असतात आणि ते सगळ्या मजल्यांचे सामाईक असतात. तुमचा नवा पीव्हीसी पाइप त्या जुन्या बिडाला जिथे मिळतो तो जोड सगळ्यात कच्चा. प्लंबर घाईत नुसतं सिमेंट लिंपून मोकळा होतो. बीड आणि प्लॅस्टिक तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात, त्यामुळे सिमेंट लवकरच सुटतं. तिथे या दोन पाइपांच्या जोडासाठी मिळणारा रबरी कपलर वापरायला सांगा. आणि बिडाचा पाइप स्वतःच कुजला असेल तर तो तुमच्यापुरता तुकडा बदलून भागत नाही. सोसायटीने वरपासून खालपर्यंत बदलायला हवा. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि तुमच्या संडास-बाथरूममधून होणारी आतली गळती तुम्ही. निम्मी भांडणं ही रेषा माहीत नसल्यामुळे होतात.

उकिडव्या संडासाच्या जागी कमोड बसवताना आउटलेट बघून घ्या. एका प्रकारच्या कमोडचं पाणी मागे भिंतीतून जातं, दुसऱ्याचं खाली जमिनीतून. जमिनीतून जाणाऱ्यात पुन्हा भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. चार, नऊ, बारा इंच अशी मापं मिळतात. हे अंतर तयार झालेल्या, म्हणजे टाइल लागलेल्या भिंतीपासून मोजायचं. कच्च्या भिंतीपासून मोजलं तर टाइल आणि मसाल्याची जाडी पकडून इंच-दीड इंच कमी पडतो आणि दुकानातून आणलेला कमोड बसतच नाही. कमोड आधी निवडा, पाइप मग टाका.

नहाणी ट्रॅपमध्ये साधारण पन्नास मिलिमीटर पाणी कायम साचून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. मिस्त्री कधी कधी उंची जुळत नाही म्हणून ट्रॅप न लावता सरळ पाइप सोडून वर जाळी बसवतो. जाळी छान दिसते. वास आयुष्यभर येतो.

वॉटरप्रूफिंग आणि खडूची रेघ

सन्क पूर्ण मोकळा करा, स्लॅब उघडा पडेपर्यंत. हे काम दिवसदोन दिवस वाढवतं, गोण्याच्या गोण्या राडारोडा निघतो, आणि नेमकं इथेच ‘जुना कोबा चांगलाय साहेब, वरूनच मारू’ हे वाक्य ऐकायला मिळतं. पन्नास वर्षांच्या घरात ते ऐकू नये. वॉटरप्रूफिंगचा थर स्लॅबवर लागायला हवा. पाणी शोषून बसलेल्या भरावावर लावलेला थर टिकत नाही.

उघड्या स्लॅबवर भेगा भरायच्या, जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करायची, पाइपांभोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. मग दोन घटक मिसळून करायचं सिमेंट-पॉलिमरचं कोटिंग निदान दोन हात, एक आडवा, एक उभा. हे कोटिंग भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर चढवायचं. दाराच्या उंबऱ्याखाली ते तुटू द्यायचं नाही, कारण बेडरूमच्या भिंतीला येणारी ओल बहुतेक वेळा तिथून येते.

आता चाचणी. ट्रॅपची तोंडं बंद करायची, सन्कमध्ये चार-सहा इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ ओढायची. निदान दोन दिवस तसंच ठेवायचं. केसभर पातळी उन्हाळ्यात नुसत्या बाष्पीभवनाने उतरते, त्याची चिंता नको. बोटभर उतरली तर कुठेतरी वाट आहे. रोज खालच्या घरात जाऊन छत बघायचं. भराव आणि कोबा झाल्यावर, टाइल लावण्याआधी, हीच चाचणी पुन्हा करायची. मिस्त्रीला हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात, कारण त्याचे कामगार बसून राहतात. ठरावातच या दिवसांचा हिशोब धरला तर कुरकुर होत नाही.

कोबा करतानाच उतार काढायचा. साधारण साठास एक हे प्रमाण चांगलं, म्हणजे पाच फुटांत एक इंच. मोठ्या टाइल्सना चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार देता येत नाही, त्या मध्येच उचलतात. म्हणून जमिनीला एक फूट किंवा त्याहून लहान, खरखरीत टाइल घ्यावी आणि मोठ्या टाइल्सची हौस भिंतीवर भागवावी. भिंतीवर व्हिट्रिफाइड टाइल लावणार असाल तर ती सिमेंटवर लावू देऊ नका. साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून सिमेंट तिला धरतं. व्हिट्रिफाइड जवळजवळ शोषतच नाही, तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच हवं. लावून झाल्यावर प्रत्येक टाइल पोकळ वाजते का, ते नाण्याने टिचकावून बघावं. सांध्यांत दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून इपॉक्सी ग्राउट भरलं तर ते सिमेंटसारखं झिजत नाही. महाग आहे, पण बाथरूमच्या जमिनीपुरतं तरी करावंच.

जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायची पद्धत हल्ली जोरात आहे. हॉलमध्ये ठीक. बाथरूममध्ये ती म्हणजे गळतीला नवं पांघरूण.

बाकीच्या खोल्या: ओझ्याचा हिशोब

‘किचन आणि हॉलमधली भिंत काढून टाकू’ ही सगळ्यात लोकप्रिय मागणी. त्याआधी इमारत कशावर उभी आहे ते कळायला हवं. आरसीसी फ्रेमच्या इमारतीत ओझं कॉलम आणि बीम उचलतात, मधल्या साडेचार इंची भिंती नुसते आडोसे असतात. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक तीन मजली इमारती लोड बेअरिंगच्या आहेत. तिथे विटांच्या भिंतीच वरचे स्लॅब पेलतात. भिंतीची जाडी हा पहिला इशारा. प्लास्टर धरून दहा इंचांच्या आसपास किंवा जास्त जाडीची भिंत दिसली आणि वर बीम दिसत नसला, तर ती भिंत इमारतीची आहे, तुमची नव्हे. अशा भिंतीत पाइपासाठी लांबच लांब आडवी खाच मारणंही धोक्याचं. उभी खाच कमी घातक, कारण ओझं वरून खाली येतं आणि आडवी खाच त्याच्या वाटेतच पडते.

बाल्कनी खोलीत घेणं हाही आवडता प्रकार. बाल्कनी एका बाजूलाच धरलेली असते, तिच्या टोकाला कठड्यापलीकडे फारसं वजन येणार नाही असं धरून ती बांधलेली असते. त्या टोकावर तुम्ही दहा फूट लांब, नऊ फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत चढवली तर दीड-दोन टन भार नेमका सगळ्यात नाजूक जागी पडतो. बाल्कनीचे मुख्य गज स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात आणि पावसाचं पाणीही वरूनच मुरतं, म्हणजे गंजतातही तेच आधी. हलकी अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी वेगळी, भिंत वेगळी. आणि महापालिकेच्या परवानगीशिवाय यातलं काही केलं तर ते बेकायदेशीर आहे, शेजारच्या सगळ्यांनी केलेलं असलं तरी.

फरशीवर फरशी घालतानाही हिशोब करून बघा. पन्नास मिलिमीटर सिमेंटचा मसाला आणि वर टाइल मिळून चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास जातं. घरातल्या खोलीसाठी माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरलेले असतात. एकदा फरशीवर फरशी झाली असेल, त्यावर तिसरी चढवायचा बेत असेल, तर स्लॅबच्या हिशोबातलं माणसांचं ओझं तुम्ही फरशीलाच देऊन टाकलं. जुनी मोझेक काढा, मग नवी घाला. किंवा, माझं ऐकाल तर, मोझेकला पॉलिश करून घ्या. सत्तरच्या दशकातली चांगली मोझेक घासल्यावर जी दिसते तिच्यापुढे आजची छापील टाइल फिकी पडते.

बाथरूमवरच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवलेली असेल तर तो अर्धा टन आहे, आणि माळा सुटकेस ठेवायला बांधलेला होता. स्वयंपाकघरात ओटा त्याच जागी ठेवलात तर फारसं काही बिघडत नाही. सिंक दुसऱ्या भिंतीला नेलं की सांडपाण्याचा पाइप लांबतो, त्याला उतार द्यायला जमीन उचलावी लागते. बाथरूम सरकवणं तर त्याहून वाईट, कारण खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर किंवा स्वयंपाकघरावर तुमचा संडास येतो. ओल्या जागा एकाखाली एक ठेवायची पद्धत विनाकारण पडलेली नाही.

वीज आणि हवा

दोन हजार वॉटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास विजेचा प्रवाह घेतो. जुन्या घरात बाथरूमपर्यंत आलेली वायर दिव्यापुरती असते, कधी अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि अर्थिंग असेलच असं नाही. गिझरला बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर, सोळा अँपिअरचा पॉइंट, चालू अर्थिंग, आणि मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा शेवटचा प्राण वाचवतो: अंगातून वीज जमिनीकडे जायला लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. नेहमीचा एमसीबी हे काम करत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो.

नूतनीकरणात वरची झरोक्याची खिडकी सर्रास बंद होते, कारण ती टाइल्सच्या डिझाइनमध्ये बसत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हे जिवावर बेततं. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही की रंग नाही, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या येतातच. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत लावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्या. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवता आलं तर ठेवा; आत पडलेला माणूस दाराला अडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. वयस्कर माणसांसाठी पकडायची दांडी बसवायची असेल तर ती आत्ताच, पक्क्या विटेत. टाइल पोकळ असेल तिथे बसवलेली दांडी नेमकी गरजेच्या वेळी हातात येते.

जुन्या दारांचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं किती असावं यावर देशात नव्वद पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. त्याआधीच्या रंगांत ते भरपूर असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. ओल्या पॉलिशपेपरने घासा, मुलांना दुसरीकडे पाठवा. सिमेंटचे जुने पत्रे आणि पाइप बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, ते हातोड्याने फोडायचे नाहीत. ओले करून अख्खे उतरवायचे.

वाडा आणि चिऱ्याचं घर

वाड्याच्या किंवा कोकणातल्या घराच्या भिंती माती, चुना, विटा, जांभा यांच्या. त्या ओल घेतात आणि सोडतात. जमिनीतून भिंतीत चढणारं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जातं. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की बाहेर पडायची वाट बंद होते. ओल भिंतीत आणखी वर चढते आणि दोन पावसाळ्यांत प्लास्टरचे फुगे येतात. मग लोक पुन्हा सिमेंटच लावतात, आणखी जाड. औषध उलटं आहे: सिमेंट काढा, चुना लावा, आणि भिंतीलगतचं पागोळ्यांचं पाणी आधी दूर न्या.

लाकडी तुळयांच्या मजल्यावर बाथरूम काढणं शक्यतो टाळाच. मुंबईतल्या जुन्या चाळींत तुळई कुठे कुजली आहे बघायला गेलं तर पहिला संशय मोरीवर येतो. शिवाय तिथल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या) इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते, तेव्हा तिथे तुळई किंवा भिंतीला हात लावायचा तर त्यांना डावलून चालत नाही. कोकणात न्हाणीघर पूर्वीपासून मुख्य घराला चिकटून पण बाहेर असायचं, आणि त्यात शहाणपण होतं. नवी बाथरूम बांधायची तर तशीच, स्वतःच्या पायावर, जुन्या भिंतीत न गुंतवता मध्ये सांधा ठेवून बांधा. नवं बांधकाम थोडं खचतंच. दोन्ही एकमेकांत अडकवले तर जुनी भिंत चिरते. सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा विहिरीपासून अठरा मीटर तरी लांब हवा.

कागदपत्रं

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा. नळ, टाइल्स, रंग यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत, कॉलम, बीम, बाल्कनी, बाहेरची खिडकी यांना हात लावायचा तर लागते. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमच्या सोसायटीचा शेवटचा अहवाल सेक्रेटरीकडे मागा. त्यात तुमच्याच बाथरूमखालच्या स्लॅबबद्दल एखादी ओळ असण्याची बरीच शक्यता असते, आणि ती कुणी वाचलेली नसते.

मिस्त्रीचे पैसे टप्प्यांवर बांधा: तोडफोड आणि पाइप, पाण्याच्या दोन्ही चाचण्या, टाइल्स, फिटिंग. राडारोड्याची वाहतूक कुणाची, ते आधी लिहून घ्या. आणि पाइप भिंतीत बसल्यावर, बुजवण्याआधी, चारी भिंतींचे आणि जमिनीचे टेप लावलेले फोटो काढा. कोपऱ्यापासून किती इंचांवर कुठला पाइप आहे ते त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. उद्या आरसा टांगायला ड्रिल घेऊन येणाऱ्या माणसाला तेच दाखवायचे.